पूर ओसरल्यानंतरची हकिकत: आपद्ग्रस्तांना मिळणारी मदत वर्षभर टिकावी म्हणून ही हकिकत कशी ऐकावी आणि कशी सांगावी

विदर्भातल्या नदीकाठच्या गावात पूर येतो तेव्हा पहिल्या आठवड्यात मदतीला माणसे कमी पडत नाहीत. शेजारच्या गावातून शिजवलेले अन्न येते, तालुक्याच्या ठिकाणाहून ब्लँकेट, बिस्किटे आणि कपड्यांची गाठोडी येतात, नागपूर-पुण्यात नोकरीला असलेली गावची मुले पैसे पाठवतात. पंधरवडा उलटतो आणि हा ओघ आटतो. पडलेले घर मात्र उन्हाळ्यातच बांधता येते, बियाणे पुढच्या मृगाच्या तोंडावर लागते, मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे पावसाळ्याच्या सुरुवातीला भरायचे असतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी आणि गोसेखुर्द धरणाचा विसर्ग यांमुळे वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा धानाची रोवणी आटोपलेली होती. शेतकऱ्याचा खर्च होऊन गेला होता, आणि उन्हाळी धानासाठी ज्यांच्याकडे पाण्याची सोय नव्हती त्यांना पुढचे धान हाती यायला २०२१ ची दिवाळी उजाडणार होती. पुराच्या बातम्या मात्र पाणी ओसरताच मागे पडल्या.

लोकांचे मन कोरडे असते म्हणून मदत थांबते, असे मला वाटत नाही. त्यांना पहिल्या रात्रीची हकिकत कळलेली असते. तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या महिन्याची हकिकत कोणी सांगितलेलीच नसते. ती ऐकण्याचे आणि सांगण्याचे काम गावातलेच कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. तरुण मंडळ, महिला बचत गट, शाळेतील शिक्षक, आशा सेविका किंवा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते यांपैकी कोणालाही ते करता येईल. त्यासाठी महागडा कॅमेरा किंवा पत्रकारितेचे शिक्षण लागत नाही, पण शिस्त लागते. ती शिस्त कोणती, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

पंचनामा काय सांगत नाही, ते आधी पाहा

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक यांनी केलेला पंचनामा हा सरकारी मदतीचा पाया आहे. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले आहे का, घर पूर्ण पडले की अंशतः, किती जनावरे दगावली, एवढेच त्यात लिहिले जाते आणि तेवढेच लिहायचे असते. हकिकत सांगणाऱ्या गटाने प्रथम पंचनामा झाला आहे याची खात्री करावी, राहिला असेल तर तो करून घेण्यास कुटुंबाला मदत करावी, आणि त्यानंतरच पुढचे काम हाती घ्यावे. लोकवर्गणी हा सरकारी हक्काला पर्याय नाही. वीज पडून किंवा पुरात वाहून माणूस गेला तर वारसाला आपत्ती निधीतून मिळणारे ४ लाख रुपये कोणत्याही गावाच्या वर्गणीतून उभे राहणार नाहीत.

पंचनाम्याच्या चौकटीबाहेर कोण राहते, हे शोधणे ही खरी पहिली पायरी आहे. मक्त्याने किंवा बटईने जमीन करणाऱ्याचे नाव सातबारावर नसते, त्यामुळे पिकावर खर्च त्याचा आणि अनुदान जमीनमालकाच्या खात्यात, असे वारंवार होते. नवरा वारल्यानंतर ज्या बाईचे नाव सातबारावर चढलेच नाही, तिचीही हीच गत होते. ज्यांना शेतीच नाही त्या मजुरांची निंदणाची, कापूस वेचणीची किंवा धान कापणीची सगळी मजुरी पिकाबरोबर वाहून जाते, पण त्या मजुरीचा पंचनामा होत नाही. बचत गटातून शेळीसाठी काढलेले कर्ज शेळी वाहून गेल्यावरही फेडावेच लागते. अशा घरांची यादी करावी. ती करताना सरपंच, पोलीस पाटील आणि आशा सेविका या तिघांनाही वेगवेगळे विचारावे, कारण एकाच्या यादीत नसलेले घर दुसऱ्याच्या यादीत सापडते, आणि तांड्यावरची, कोलामांच्या पोडावरची किंवा गावाच्या टोकाला असलेली वस्ती तिन्ही याद्यांतून सुटलेली असू शकते. तिथे स्वतः जावे.

ऐकण्याची पद्धत

यादीतील सर्वांकडून हकिकत काढायची नसते. जे बोलायला तयार आहेत त्यांच्याकडेच जावे, आणि माणूस गमावलेल्या घरात पहिल्या काही आठवड्यांत या कामासाठी मुळीच जाऊ नये. जावे ते गाळ उपसायला, सोबत बसायला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारासाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की संकटातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला घडलेले सांगण्यासाठी भाग पाडू नये. तो बोलला तर ऐकावे, गप्प राहिला तर त्याच्या गप्प राहण्याचा मान ठेवावा. ‘एकदा मन मोकळे केले की बरे वाटते’ ही आपल्याकडची समजूत चांगल्या हेतूची आहे, पण आपत्तीनंतर एकाच बैठकीत सगळे बोलायला लावल्याने काहींचा त्रास वाढतो, हे अभ्यासांतून दिसले आहे.

बैठक घरच्या ओसरीत किंवा माणसाला जिथे सोयीचे वाटते तिथे घ्यावी. ग्रामपंचायतीच्या खोलीत, पुढाऱ्यांच्या समोर किंवा मदतीचे सामान वाटत असताना घेऊ नये, कारण तिथे माणूस देणाऱ्याला आवडेल तेच बोलतो. बाईचे म्हणणे बाईनेच ऐकावे, आणि घरातील पुरुष शेजारी बसून तिची वाक्ये पूर्ण करत असतील तर दुसऱ्या दिवशी ती शेतात किंवा विहिरीवर असताना पुन्हा जावे. गडचिरोलीतील माडिया-गोंडी बोलणारे, मेळघाटातील कोरकू, यवतमाळकडील कोलाम आणि बंजारा तांड्यावरील माणसे यांच्याशी त्यांच्याच समाजातील कोणीतरी त्यांच्या भाषेत बोलावे. मराठी येत असली तरी दुःख सांगताना माणसाला आपली बोलीच जवळची वाटते.

प्रश्न कसे विचारावेत, यावर बरेच अवलंबून आहे. ‘तुम्हाला काय वाटले?’ हा प्रश्न टीव्हीवरच्या मुलाखतींमुळे आपल्या तोंडी बसला आहे, पण त्याचे उत्तर हुंदका किंवा शांतता एवढेच येते. त्यापेक्षा कामाचे, वस्तूंचे आणि वेळेचे प्रश्न विचारावेत. त्या दिवशी सकाळी काय चालले होते? पाणी अंगणात आले तेव्हा आधी काय उचलले? बैल कोणी सोडले? शाळेत किती दिवस राहिलात आणि चूल कोणाबरोबर मांडली? आज घरात कोणते काम चालू आहे? येत्या पेरणीपर्यंत कशाची अडचण वाटते? अशा प्रश्नांतून माणूस स्वतःच्या हिमतीने काय काय करून मोकळा झाला आहे तेही पुढे येते, आणि हकिकतीचा कणा तोच असतो. शेवटचे दोन प्रश्न कधीही गाळू नयेत, कारण भेटीचा शेवट पुराच्या रात्रीत होता कामा नये. तो आजच्या दिवसात येऊन व्हावा.

बोलताना हातपाय थरथरू लागले, माणूस एकाच जागी टक लावून पाहू लागला, किंवा ‘मीच राहिलो कायले?’ अशा अर्थाचे बोलू लागला, तर रेकॉर्डिंग लगेच बंद करावे आणि त्याला एकटे न सोडता घरच्यांच्या सोबतीत ठेवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. तो गटातील प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच असावा.

संमती ही सहीपेक्षा मोठी गोष्ट आहे

छापील कागदावर अंगठा घेऊन संमती मिळाली असे समजणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. ज्याच्या घरात आपण काल तांदूळ पोचवला तो माणूस आज नाही म्हणू शकत नाही, हे ओळखून काम करावे. म्हणून मदत पोचवणारा आणि हकिकत विचारणारा ही दोन वेगळी माणसे असावीत, आणि ‘तुम्ही सांगितले नाही तरी तुमच्या वाट्याची मदत कमी होणार नाही’ हे वाक्य विचारणाऱ्याने पहिल्यांदा म्हणावे. त्यानंतर एकेक गोष्ट सुटी करून विचारावी: खरे नाव वापरायचे का, गावाचे नाव घ्यायचे का, फोटो दाखवायचा का, आवाज ऐकवायचा का, केवळ गावाच्या बैठकीत सांगायचे की फोनवरूनही पाठवायचे. कोणी आवाज देईल पण फोटो देणार नाही. कोणी गावात चालेल म्हणेल, पण मुलीच्या सासरच्यांना कळायला नको म्हणेल. सांगितलेले सर्व ऐकून घ्यावे आणि फोनवर त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा गेलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे गोड शब्दांत न लपवता सांगावे. तयार झालेली हकिकत बाहेर जाण्यापूर्वी त्यांना पूर्ण वाचून दाखवावी आणि त्यांनी गाळायला सांगितलेले वाक्य कितीही चांगले असले तरी गाळावे.

कुटुंबाने परवानगी दिली तरी काही गोष्टी सांगणाऱ्यानेच टाळाव्यात. गायरानावर किंवा नदीपात्राच्या कडेला अतिक्रमणात घर असेल तर त्या जागेची ओळख पटेल असा फोटो त्यांच्याविरुद्धच वापरला जाऊ शकतो. एका घराला किती रुपये मिळाले हे नावासह जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी वसुलीवाला दारात उभा राहतो आणि भाऊबंदकीतही कुरबुर सुरू होते. मुलांच्या बाबतीत तर विशेष जपावे. ज्या मुलांना काळजी व संरक्षणाची गरज आहे त्यांची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे; पण कायदा बाजूला ठेवला तरी, वर्गातल्या सोबत्यांनी ज्याचा रडणारा फोटो पाहिला आहे त्या मुलाला शाळेत परत बसणे किती जड जाते, याचा विचार आपण करायला हवा.

एका घराची हकिकत कशी मांडावी

अमेरिकेतील पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या कामात उपयोगी पडतो. उपासमारीने ग्रासलेल्या एका मुलीची माहिती वाचलेल्या लोकांनी, लाखो उपाशी लोकांची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा जास्त पैसे दिले. आणि मुलीच्या माहितीला तीच आकडेवारी जोडली तेव्हा मिळणारी रक्कम पुन्हा घटली. म्हणून निवेदनात एकाच घरावर लक्ष ठेवावे. जिल्ह्यात किती हेक्टर बुडाले, किती कोटींचे नुकसान झाले हे तहसीलदारांना द्यायच्या अर्जात लिहावे. वर्गणीच्या आवाहनात ते ओतू नये.

उदाहरणासाठी वैनगंगेकाठचे एक काल्पनिक कुटुंब धरू: नवरा, बायको, म्हातारी सासू आणि दहावीतली मुलगी, स्वतःची एक एकर बांधी (धानाची शेती) आणि मक्त्याने घेतलेली दोन एकर. सर्वसाधारणपणे अशा घराबद्दल जे आवाहन फिरते ते असे असते: ‘महापुराने एका गरीब शेतकऱ्याचे सर्वस्व हिरावून नेले. डोळ्यांतील अश्रू थांबत नाहीत. आपल्या मदतीची नितांत गरज आहे.’ यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि तरी यातून ते घर दिसत नाही. हे आवाहन कोणत्याही गावाला, कोणत्याही वर्षी लावता येते, त्यामुळे वाचणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही. तेच असे सांगता येईल:

‘पोळा होऊन आठ दिवस झाले नव्हते. रोवणी आटोपली होती आणि निंदणासाठी बाया सांगून ठेवल्या होत्या. रात्री पाणी ओसरीला लागले तेव्हा त्यांनी आधी सासूला शाळेत पोचवले, मग परत येऊन बैल सोडले. ढोलीतले धान तिथेच राहिले. सूनबाई म्हणतात, “बैल वाचले तेवढं बरं झालं. पण तणस सारी वाहून गेली, आता त्यायले काय चारू?” त्यांच्या एक एकराचा पंचनामा झाला आहे. मक्त्याच्या दोन एकरांची मदत जमीनमालकाला मिळेल. चारा नाही म्हणून बैल विकले, तर पुढच्या वर्षीची नांगरणी भाड्याने करावी लागेल. दिवाळीनंतर नवी तणस निघेपर्यंत गावातील बैल असलेल्या सर्व पूरग्रस्त घरांना चारा लागणार आहे.’

दुसऱ्या मांडणीत अश्रू नाहीत, पण वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळते. त्यात आणखी एक गोष्ट जाणीवपूर्वक केली आहे: हकिकत एका घराची आहे आणि मागणी तशा सर्व घरांची आहे. हे सुरुवातीलाच स्पष्ट केले नाही तर बोलणाऱ्या घराला सगळे मिळते, न बोलणारे शेजारी रिकामे राहतात आणि गावात जी फूट पडते ती पुरापेक्षा जास्त काळ टिकते.

माणसाचे शब्द त्याच्या बोलीतच ठेवावेत. वऱ्हाडी किंवा झाडी बोलीतले वाक्य पुस्तकी मराठीत बसवले की त्यातला माणूस निघून जातो; मात्र हसू यावे म्हणून बोली ठळक करणे त्याहून वाईट. अतिशयोक्तीला इथे पूर्ण बंदी असावी. पंचनाम्यात दोन जनावरे आणि आवाहनात पाच, असा फरक एकदा कोणाच्या लक्षात आला की त्या घराचा सरकारी दावाही संशयात येतो आणि पुढच्या वर्षी कोणत्याच घरावर कोणी विश्वास ठेवत नाही.

वर्षभराचे हप्ते

या पद्धतीचा गाभा हाच आहे, आणि दुर्दैवाने नेमकी हीच पायरी बहुतेक गट गाळतात. त्याच कुटुंबाची हकिकत हप्त्याहप्त्याने, शेतीच्या आणि सणांच्या क्रमाने सांगितली पाहिजे, आणि प्रत्येक हप्त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: मागच्या मदतीचे काय झाले, आज घरात काय चालू आहे, आणि पुढे कशाची गरज आहे. मदत करणाऱ्याला हे सलग कळत राहिले की तो त्या घराकडे ओळखीचे घर म्हणून पाहू लागतो. त्याला दर वेळी नव्याने हेलावून सोडावे लागत नाही.

पहिला हप्ता पाणी ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जातो, आणि त्यात जनावरांचा चारा, भांडी, शाळेची पुस्तके यांसारख्या तातडीच्या गोष्टी असतात. दुसरा दिवाळीच्या सुमारास. ज्या बांधीतले धान गेले तिथे गाळाच्या ओलीवर लाखोळी किंवा हरभरा पेरता येतो, आणि कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातही खरडून न गेलेल्या जमिनीत हरभऱ्याची सोय होऊ शकते, म्हणून या वेळी बियाण्याची आणि मशागतीची मागणी योग्य ठरते. बैल राहिले की विकावे लागले, हे या हप्त्यात खरे सांगावे. विकावे लागले असतील तर तेही सांगावे. मदत अपुरी पडली ही माहिती लपवली तर पुढची मागणी कशासाठी आहे ते लोकांना कळणार नाही.

तिसरा हप्ता संक्रांतीनंतरचा, आणि तो घरासाठी. विटाभट्ट्या सुरू असतात, रस्ते कोरडे असतात, पावसाळ्यापूर्वी भिंत आणि छप्पर उभे करायला पुरेसा वेळ असतो. मार्चमध्ये आवाहन करून पैसे एप्रिलअखेर जमले तर गवंडी मिळत नाही आणि कुटुंब दुसरा पावसाळाही ताडपत्रीखाली काढते, म्हणून हा हप्ता कोणत्याही कारणाने लांबवू नये. किती विटा, किती सिमेंट, कवेलू की टिन, मजुरीत घरच्यांचा स्वतःचा वाटा किती, हे बारकाईने लिहावे. नागपुरात बसलेल्या माणसाला ‘घरासाठी मदत करा’ यापेक्षा ‘मागच्या भिंतीच्या विटा बाकी आहेत’ हे जास्त पटते.

उन्हाळ्याच्या मध्यावर भूमिहीन घरे मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या कामात असतात. त्या काळात त्यांच्याकडे बैठकीसाठी वेळ मागू नये. त्यांच्याकडून मिळालेली दोन वाक्ये आणि बांधकामाचा एक फोटो पुरेसा आहे. चौथा हप्ता मेच्या अखेरीस, बियाणे, खत आणि मुलीच्या प्रवेशासाठी. काल्पनिक कुटुंबातील मुलगी तोवर दहावीच्या निकालाची वाट पाहत असेल. पुराच्या रात्री सुरू झालेली हकिकत इथपर्यंत आली की ऐकणाऱ्याला समजते की आपत्ती म्हणजे एक रात्र नसून वर्षभर चालणारी ओढाताण आहे. पाचवा हप्ता पुराला वर्ष होते तेव्हाचा. नरखेड तालुक्यातील मोवाड येथे ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून अधिक माणसे गेली. तिथे तो दिवस आजही श्रद्धांजलीने पाळला जातो. गावाने असा दिवस पाळायचे ठरवले तर त्यात श्रद्धांजलीबरोबर वर्षभराचा हिशेब आणि राहिलेली कामे यांनाही जागा द्यावी.

प्रत्येक हप्त्याच्या भेटीला नव्याने संमती घ्यावी लागते. कुटुंब ‘आता पुरे’ म्हणाले तर तिथेच थांबावे.

कुठे आणि कसे सांगावे

सांगण्याच्या जागा विदर्भात आयत्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला अनेक गावांत संध्याकाळी माणसे जमतात. गणेशोत्सव आणि शारदोत्सवाच्या मंडळांकडे मंडप, ध्वनिक्षेपक आणि वर्गणीची व्यवस्था असते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक असते. पडदा उघडण्यापूर्वीची पाच मिनिटे मिळाली तर शेजारच्या पाच-दहा गावांपर्यंत एका रात्रीत पोचता येते. मंडळांना ही वेळ आधी मागून घ्यावी लागते. बाहेरगावच्या गावकऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरचा दोन मिनिटांचा आवाज पुरतो, आणि आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रांनाही लेखी विनंती करून पाहावी.

बोलायला उभे राहणाऱ्याने कागद वाचू नये. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांची कीर्तने प्रश्नोत्तरांची असत. ते समोरच्या माणसाला विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. तीच रीत धरून ‘बैलाले दिवसाले किती तणस लागते?’ असे सभेला विचारले की शेतकरी स्वतः हिशेब मांडतो आणि मागणीचा आकडा सभेतूनच येतो. आपद्ग्रस्त माणसाने स्वतः मंचावर यावे असा आग्रह मात्र कधीही करू नये. तो स्वतःहून बोलायला आला तर त्याला अध्यक्षांच्या भाषणाआधी बोलू द्यावे, हार-शाल देऊ नये, आणि मदतीची पाकिटे मंचावर वाटू नयेत. देणाऱ्याच्या हातातून घेताना काढलेला फोटो घेणाऱ्याला आयुष्यभर बोचू शकतो. वाटप घरी जाऊन, शांतपणे करावे.

हिशेब

पैसे गटातील एका माणसाच्या खात्यावर किंवा फोनवर घेऊ नयेत, तो कितीही सज्जन असला तरी. नोंदणीकृत संस्था, बचत गटांचा ग्रामसंघ किंवा दोन सह्यांनी चालणारे मंडळाचे खाते वापरावे. आयकरात सवलत हवी असलेल्या देणगीदाराला तशी पावती त्यासाठी आयकर विभागाची मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे आधी सांगावे म्हणजे नंतर मन खट्टू होत नाही. परदेशी नागरिक किंवा परदेशी संस्था पैसे देऊ म्हणाली, तर परदेशी योगदान कायद्याखालील परवानगीशिवाय ते घेऊ नयेत.

जमा, खर्च आणि शिल्लक यांचा एक पानी तक्ता प्रत्येक हप्त्याबरोबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. त्यात घरांची नावे नसावीत. वस्तू, संख्या आणि रक्कम असावी. शंभर रुपये देणाऱ्या मजुरालाही पुढच्या हप्त्याचा आवाज पाठवावा, कारण गावात सर्वांत जास्त वेळा पुन्हा देणारा बहुधा तोच असतो, आणि त्याला कोणी कळवत नाही.

हकिकत बंद करणे

सुरू केलेली हकिकत बंदही करावी लागते. पीक घरात आले, छप्पर पक्के झाले, मुलगी शाळेत जाऊ लागली की शेवटचा छोटा हप्ता काढून ‘या घराला आता वर्गणीची गरज नाही’ असे जाहीर सांगावे. त्यामुळे कुटुंबावरचा ‘पूरग्रस्त’ हा शिक्का निघतो आणि पुढच्या घरासाठी विश्वास शिल्लक राहतो. ज्यांच्याकडे गरज अजून आहे त्यांची वेगळी यादी करून ती ग्रामसभेत ठेवावी, आणि घरकुल, विधवा निवृत्तिवेतन किंवा सातबाराच्या वारसनोंदीसारखी जी कामे वर्गणीने होणार नाहीत त्यांच्या पाठपुराव्यासाठी गटातील एकेका सदस्याचे नाव लिहावे. रेकॉर्डिंगची आणि फोटोंची एक प्रत कुटुंबाला द्यावी; गटाच्या फोनमधील प्रती ठेवायच्या की पुसायच्या हे त्यांना विचारावे, आणि पुसायला सांगितले तर त्यांच्यासमोर पुसाव्यात.